शुश्रूषा आणि आमचें वाङ्मय

मराठी कथा-नाटकांतील माणसें आजारी पडतात तीं बहुधा लेखकाच्या सोयीनें पडतात, ही तक्रार जुनी आहे. कथानक अडलें कीं घरच्या कर्त्या पुरुषाला पक्षाघात होतो, त्याला मृत्युपत्राविषयीं कांहीं सांगावयाचें असतें पण जीभ वळत नाहीं, आणि पडदा पडतो. नायिकेला फेपरें येत असल्याचें लग्नानंतर उघडकीस येतें, आणि पुढील पन्नास पानांची निश्चिंती होते. असले प्रसंग वाचकांनीं इतके वाचलेले आहेत कीं त्यांची यादी देण्याचें कारण नाहीं, आणि त्या तक्रारीची पुनरुक्ति करण्याचाही माझा विचार नाहीं. माझें म्हणणें थोडें निराळें आहे. या दोन रोगांचें आगमन आमच्या लेखकांनीं पुष्कळदां रंगविलें. परंतु आगमनानंतर जें सुरू होतें, म्हणजे अंथरुणाशेजारचे महिने आणि वर्षें, दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागणारें जड शरीर, चमच्याचमच्यानें पाजावयाचें पाणी, त्याला आमच्या वाङ्मयांत जवळजवळ जागाच मिळालेली नाहीं. ही उणीव केवळ कलेची असती तर तिच्यावर लेख लिहिण्याइतकी ती मोठी नव्हती. पण ज्या गोष्टीला भाषेंत नीट शब्द नसतात ती गोष्ट घरांतही नीट होत नाहीं, असें नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जें पाहावयास मिळालें त्यावरून मला वाटूं लागलें आहे.

शब्दांपासूनच आरंभ करूं. गोदेच्या कांठापासून मांजरेच्या खोऱ्यापर्यंत पक्षाघात झाला असें कोणी म्हणत नाहीं. 'अंगावरून वारें गेलें' असें म्हणतात, किंवा 'लकवा मारला' असें म्हणतात. १९४८ पर्यंतच्या निजामी अमलांत उर्दूंतून शिकलेल्या पिढीच्या तोंडीं 'फालिज' हा शब्दही असे. यांपैकीं 'वारें जाणें' हा प्रयोग जुन्या कल्पनेशीं इमान राखून आहे. चरकसंहितेनें पक्षाघाताची गणना वातव्याधींतच केलेली आहे. म्हणून त्याला हंसण्यांत अर्थ नाहीं. पण शब्द जसा अर्थ सांगतो तशी कृतीही सुचवितो, आणि येथें ती कृति घातक आहे. वारें अंगावरून जातें, म्हणजे दुखणें अंगाचें झालें. मग तें अंगालाच चोळून जाईल. तेल कोमट होतें, खिडक्या लावल्या जातात, रोग्याला पांघरूण घालून 'सकाळपर्यंत पाहूं' असें ठरतें. दुखणें मात्र डोक्यांत असतें. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनें बंद झालेली असते, किंवा ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. गुठळी असेल तर ती विरघळविण्याचें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचें; आणि गुठळी कीं रक्तस्राव हें सी. टी. स्कॅन केल्यावांचून कोणा धन्वंतरीसही सांगतां येत नाहीं, कारण रक्तस्रावांत तेंच औषध प्राण घेतें. किनवट-माहूरच्या डोंगरी भागांतून नांदेडास, किंवा निलंग्यापलीकडच्या सीमेवरील खेड्यांतून लातुरास पोंचण्यांतच या साडेचार तासांचा मोठा वांटा खर्चीं पडतो. उरलेला वांटा पुष्कळदां 'वारें' या एका शब्दानें खाल्लेला असतो.

'झटका' या शब्दाची कथा तर अधिकच चमत्कारिक. हृदयाचा झटका, लकव्याचा झटका, फिटचा झटका आणि विजेचा झटका, सर्वांना एकच शब्द. लेखकाला तो फार प्रिय आहे, कारण त्यांत नाट्य आहे. परंतु १०८ क्रमांकावर फोन करणाऱ्या घाबऱ्या मुलानें 'बाबांना झटका आला' असें सांगितलें तर पलीकडच्या माणसाला कांहींच कळत नाहीं. तोंड एका बाजूस वाकडें झालें, हात उचलून धरतां येत नाहीं, बोलणें बोबडें झालें, आणि हें अमुक वाजतां झालें, एवढीं चार साधीं वाक्यें त्या ठिकाणीं हवीं असतात. तीं अलंकारशून्य आहेत, म्हणूनच तीं आमच्या गद्यांत सांपडत नाहींत.

अपस्माराच्या बाबतींत भाषेनें उलट अपराध केला आहे. तेथें शब्द कमी नाहींत. फेपरें, घुरें, मिरगी, आकडी, फिट असे पुष्कळ आहेत. संस्कृत 'अपस्मार' हा शब्द त्या सर्वांत सुंदर. स्मृतीचें निघून जाणें हा त्याचा अर्थ, आणि तो झटक्यापेक्षां झटक्यानंतरच्या त्या पाव-अर्ध्या तासाला अधिक लागूं पडतो, जेव्हां रोगी डोळे उघडतो पण आपण कोठें आहों, शेजारीं कोण बसलें आहे, हें त्याला उमगत नाहीं. पण इतके शब्द असून घरांत वापरावयाचा शब्द भलताच असतो. तो म्हणजे 'चक्कर'. 'मुलीला जरा चक्कर येते' असें शेजाऱ्यांना सांगतात, सोयरिकीच्या वेळीं तर तेवढेंही सांगत नाहींत, आणि दुर्दैव असें कीं कांहीं वेळां डॉक्टरांनाही तेंच सांगतात. मग औषध चकरेचें मिळतें. १९७६ सालच्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांतील विवाहाच्या अटींत वेडाच्या जोडीला अपस्माराचाही उल्लेख आला होता, म्हणजे असा विवाह रद्द करून घेण्यास कायद्याची वाट मोकळी होती. १९९९ सालीं तो शब्द कायद्यांतून काढण्यांत आला. कायद्यांतून शब्द काढण्यास तेवीस वर्षें लागलीं. कादंबरींतून तो कधीं निघेल हें कायद्याच्या हातीं नाहीं.

आणि त्या वेळीं करावयाचें काय, याविषयीं जी एकच गोष्ट सर्व मराठी मुलुखाला तोंडपाठ आहे ती नेमकी चुकीची आहे. कांदा हुंगवावा, वहाण हुंगवावी, हातांत लोखंडी किल्ली द्यावी, दांतखीळ बसूं नये म्हणून तोंडांत चमचा घालावा. या चारी गोष्टी मीं सुशिक्षितांच्या घरांतही पाहिल्या आहेत. झटका दोन-तीन मिनिटांत बहुधा आपणच थांबतो आणि श्रेय कांद्याला जातें. खरें कर्तव्य त्याहून फार नीरस आहे. माणसास कुशीवर वळवावें म्हणजे लाळ बाहेर वाहते आणि श्वास मोकळा राहतो, डोक्याखालीं कांहीं मऊ घालावें, गळ्याजवळचें वस्त्र सैल करावें, तोंडांत कांहींही घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत, आणि घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांहून अधिक वेळ लागला, किंवा शुद्ध येण्यापूर्वीं दुसरा झटका आला, तर तें संकट रुग्णालयाचें आहे. घड्याळाकडे पाहणें ही शुश्रूषा आहे, हें आमच्या मनाला अजून पटत नाहीं. कांहींतरी करीत असल्यासारखें दिसलें पाहिजे, अशी आमची प्रेमाची कल्पना.

येथें शुश्रूषा या शब्दाकडेच वळणें उचित होईल. व्याकरण जाणणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मूळ अर्थानें ऐकण्याची इच्छा. ऐकण्यापासून आज्ञापालन, आज्ञापालनापासून सेवा, आणि सेवेपासून रोग्याची सेवा असा त्याचा प्रवास झाला, व प्रवासांत मूळ अर्थ मागें राहिला. पक्षाघाताच्या रोग्यापाशीं मात्र तो मूळ अर्थच पुनः जागा होतो. मेंदूचा डावा भाग दुखावला म्हणजे उजवें अंग तर जातेंच, पण पुष्कळांची वाचाही जाते. समजतें, परंतु शब्द सांपडत नाहीं. पाणी मागावयाचें असतें आणि तोंडांतून 'चावी' निघतें. असा माणूस वेडा झाला असें समजून घरचे लोक त्याच्याशीं मोठ्यानें बोलूं लागतात, जणूं तो बहिरा आहे. अशा वेळीं जी व्यक्ति घाई न करतां थांबते, होय-नाहींचे प्रश्न एकेक करून विचारते आणि डोळ्यांवरून उत्तर वाचते, ती व्युत्पत्तीला धरून शुश्रूषा करीत असते.

ऐकण्याचें हें काम रुग्णालयांत पहिल्याच क्षणाला सुरू होतें. अशा रोग्याच्या नातेवाइकांना परिचारिका विचारते, "शेवटचें नीट, धड कधीं पाहिलें होतें?" साडेचार तासांचा हिशेब तेथून धरावयाचा असतो, झोपेंतून उठतांना रोगी लुळा आढळला तर तो निजला त्या वेळेपासून. या प्रश्नाला मराठवाड्यांत घड्याळाची वेळ क्वचित् मिळते. 'निजानीज झाली तेव्हां बरा होता', 'धार काढायच्या वेळीं पडला', 'रात्रीची लाईट आली म्हणून मोटर सुरू करायला उठला तोंवर कांहीं नव्हतें', अशीं उत्तरें येतात. त्या गांवाला थ्री-फेज वीज त्या आठवड्यांत कोणत्या वेळेस येते हें जिला ठाऊक असेल तीच परिचारिका या वाक्याचें भाषांतर तासांत करूं शकते. कथाकारानें ज्या गोष्टींचा अभिमान बाळगावा, म्हणजे बोलीची जाण, काळाचा अंदाज, सांगणाऱ्याच्या वाक्यांतून न सांगितलेलें ओळखणें, त्या सर्व येथें लागतात. नांदेडजवळ विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नांवाचें, लातुरास विलासराव देशमुखांच्या नांवाचें, अशीं मोठीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आज आहेत, खासगी इस्पितळांचीही गर्दी आहे. परंतु तेथील वॉर्डांत घडणारें हें संभाषण आमच्या कथेंत आलेलें मला तरी आठवत नाहीं. नात्याचे शब्द तेथें किती मोकळेपणानें वापरतात पाहा: परिचारिका सिस्टर, परिचारक ब्रदर, आया मावशी, वॉर्डबॉय मामा. वडील भाऊबंद गांवीं राहतात आणि वॉर्डांत एक निराळेंच गोत उभें राहतें. पण मावशी आणि मामा मराठी, तर सिस्टर आणि ब्रदर इंग्रजी! जिच्या हातीं जबाबदारी अधिक तिला मात्र आम्ही घरचें नांव दिलें नाहीं.

प्राचीन ग्रंथांकडे गेल्यास निराळेंच दृश्य दिसतें. चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले, वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. आणि चारहींस सारखेच, म्हणजे प्रत्येकीं चार गुण लावून दिले. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्यावर अनुराग आणि शुचिता हे त्याचे गुण. यांत ज्ञान पहिलें आहे, हें विशेष. आमच्या नंतरच्या वाङ्मयानें त्यांतला अनुराग तेवढा उचलला आणि ज्ञान सोडून दिलें. म्हणून आमच्या कादंबऱ्यांतील सेवा करणारी स्त्री रडते पुष्कळ, पण रोग्याला कोणत्या कुशीवर निजवावें हें तिला ठाऊक नसतें.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. आचार्योपासनेच्या विवरणांत ज्ञानदेवांनीं सेवेचें जें वर्णन केलें आहे त्याला तोड नाहीं. गुरूच्या पादुका आपण व्हावें, छत्र आपण व्हावें, स्वयंपाक आपण करावा, शेज आपण घालावी, पाय आपण चेपावे. सेवा करणाऱ्याच्या मनाची ती धांव पाहून आश्चर्य वाटतें. त्याच अध्यायांत पुढें जरा आणि व्याधि यांचें वर्णन येतें, आणि तेंही तितकेंच प्रत्ययकारी आहे, डळमळणारी मान, गळणारी लाळ, मंदावलेली दृष्टि. एकाच अध्यायांत, एकाच हातानें लिहिलेलीं हीं दोन चित्रें. परंतु तीं एकमेकांस भेटत नाहींत. पहिल्या चित्रांतील सेवक दुसऱ्या चित्रांतील देहापाशीं येत नाहीं. ज्ञानदेवांचा हा दोष नव्हे. त्यांस येथें भक्ति आणि वैराग्य हे दोन निराळे विषय सांगावयाचे होते. पण पुढील सात शतकांत मराठींत ती भेट कोणी घडवून आणावयास हरकत नव्हती.

परक्या वाङ्मयांत तरी काय आहे? शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ंत, ज्याचें देवलांनीं १८९० सालीं 'झुंझारराव' केलें, नायक रंगभूमीवर बेशुद्ध पडतो आणि त्याला अपस्मार झाल्याचें इयागो सांगतो. भला कॅसिओ म्हणतो त्याच्या कानशिलांना चोळावें. इयागो त्याला अडवून सांगतो कीं चोळूं नये, झटका आपल्या क्रमानें जाऊं द्यावा. म्हणजे साऱ्या नाटकांत प्रथमोपचाराचें बरोबर ज्ञान एका खलपुरुषालाच! त्याला अर्थात् कॅसिओ तेथून हलावयास हवा होता. तरी पण सज्जनाचा उपाय चुकीचा आणि दुर्जनाचा बरोबर, हें पाहून मला दर वेळीं कांद्याची आणि वहाणेची आठवण होते.

त्याहून महत्त्वाचें उदाहरण दस्तयेव्हस्कीचें. तो स्वतः अपस्माराचा रोगी. 'इडियट' कादंबरींतील प्रिन्स मिश्किनला त्यानें आपला रोग दिला, आणि झटक्यापूर्वींच्या त्या क्षणभराच्या अलौकिक प्रकाशाचें वर्णन असें केलें कीं जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. रोगाचें आंतून केलेलें वर्णन याहून श्रेष्ठ नाहीं. पण त्याच रोगाचें बाहेरून केलेलें एक वर्णनही आहे, आणि तें त्याची पत्नी आना ग्रिगोर्येव्हना हिचें. १८६७ सालीं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनीं एका नातलगाच्या घरीं तिनें पहिल्यानें झटका पाहिला. तिनें त्याला खालीं सरकूं दिलें, जवळचें सामान दूर केलें, आणि झटका ओसरेपर्यंत त्याचें डोकें मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिच्या आठवणी १९२५ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाल्या. पतीनें प्रकाश लिहिला, पत्नीनें मांडी लिहिली. पहिल्याची गणना जगाच्या महावाङ्मयांत होते. दुसरें पुस्तक लोक पहिल्याची माहिती मिळावी म्हणून वाचतात.

आमच्याकडील उदाहरण तर याहूनही बोलकें आहे. मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यांत ११ मे १८८८ रोजीं लोकांनीं जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी दिली, आणि दोनच महिन्यांनीं, जुलैमध्यें, त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन उजवें अंग लुळें पडलें. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले. पुढें डाव्या हातानें लिहून जोतीरावांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरें केलें. तें त्यांच्या निधनानंतर, १८९१ सालीं, प्रसिद्ध झालें. हा वृत्तांत प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे, आणि 'डाव्या हातानें' या शब्दांपाशीं प्रत्येक वक्ता थोडा थांबतो. थांबावें असाच तो प्रसंग आहे. परंतु थांबून जो प्रश्न विचारावयाचा तो विचारला जात नाहीं. उजवें अंग गेलेला साठीचा मनुष्य डाव्या हातानें लिहावयास बसतो, तेव्हां त्याला बसवितो कोण? उजवा हात लोंबकळत राहिला तर कांही दिवसांत खांदा निसटतो व अशा वेदना होतात कीं लिहिणें दूरच राहो. तेव्हां त्या हाताखालीं उशी कोणी ठेवावयाची? एका हातानें लिहूं लागलें कीं कागद सरकतो, तो धरावयाचा कोणी? घांस गिळतांना ठसका लागूं नये म्हणून ताठ बसवून, सावकाश, निरोगी बाजूनें भरवावें लागतें. आणि हें दिवसांतून तीन वेळ, जुलै १८८८ पासून २८ नोव्हेंबर १८९० पर्यंत, म्हणजे दोन वर्षें चार महिने. पैशाची ओढ इतकी होती कीं मामा परमानंदांना सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठीं लिहावें लागलें. डाव्या हाताचें कौतुक करणाऱ्यांनीं तो हात मोकळा राहावा म्हणून दुसरे दोन हात गुंतलेले होते हें ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

चरित्रकारांनीं हा काळ बहुधा दोन वाक्यांत उरकला आहे, आणि त्यांतील एक वाक्य 'सावित्रीबाईंनीं एकनिष्ठेनें शुश्रूषा केली' अशा घाटाचें असतें. याच सावित्रीबाईंचें १८९७ सालच्या प्लेगांतील कार्य मात्र सर्वजण सविस्तर वर्णन करतात. रोग्यांची सेवा करतां करतां त्यांना स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. तें वर्णन झालेंच पाहिजे. पण प्लेगांतील सेवेला धांव आहे, संकट आहे, मृत्यु आहे, म्हणजे कथेला लागणारें सर्व आहे. घरच्या दोन वर्षांना यांतलें कांहींच नाहीं. रस्त्यावरची शुश्रूषा इतिहास झाली, ओसरीवरची झाली नाहीं. माझ्या मतें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' कोणत्या स्थितींत लिहिलें गेलें याचा विचार त्या पुस्तकाच्या टीकेंत झाला पाहिजे. डाव्या मेंदूवर आघात झालेल्या माणसाची भाषा शाबूत राहून तिच्यांत प्रश्नोत्तरें रचलीं गेलीं, ही त्या ग्रंथाची पहिली आणि सर्वांत विलक्षण बाब आहे.

या अंधारांत एक दिवा आहे. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) आम्ही न्यायमूर्तींसाठीं वाचतों. पण त्या पुस्तकांतील अखेरच्या आजाराचा भाग, म्हणजे जानेवारी १९०१ पर्यंतचा, शुश्रूषेचें मराठी गद्य म्हणून पुनः वाचून पाहावा. हा आजार पक्षाघाताचा नव्हे, हृदयाचा. तथापि रोग्याची चाहूल घेत जागणाऱ्या माणसाची दृष्टि तेथें आहे. आपण घाबरलों आहों हें रोग्यास दिसूं न देण्याची धडपड आहे. याच बाईंनीं पुढें पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली व तेथून परिचारिका तयार होऊन बाहेर पडल्या, हा योगायोग नसावा. अलीकडच्या काळांत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटांत स्मृति गेलेल्या संस्कृत पंडिताला एका माहुताची बायको सांभाळते, तेथें हें पुनः दिसलें. चन्नम्मा कानडी बोलते, पंडिताचें शास्त्र तिला समजत नाहीं; पण तो भुकेला केव्हां झाला हें तिला समजतें. नाटक-सिनेमांत हें करतां येत नाहीं असें म्हणणाऱ्यांस एवढें उत्तर पुरे.

आतां एका अगदीं क्षुल्लक वाङ्मयप्रकाराकडे वळतों, ज्याचें परीक्षण कोणतेंही मासिक करीत नाहीं. रोग्यास घरीं सोडतांना इस्पितळांतून मिळणारें कार्ड व सूचनांचें पत्रक. कार्ड बहुतेक इंग्रजींत असतें. पत्रक मराठींत असलें तर त्याची भाषा अशी: रुग्णास दर दोन तासांनीं वळवावें, तोंडावाटें कांहीं देण्यापूर्वीं गिळण्याची खात्री करावी, टांचा व माकडहाड तपासावें, औषध अचानक बंद करूं नये. सर्व सूचना बिनचूक आहेत. पण व्याकरणाकडे लक्ष द्या. वळवावें, करावी, तपासावें. कोणी? या विध्यर्थी रूपाला कर्ता सांगण्याची गरज पडत नाहीं, आणि तो सांगितलेला नसतो. चरित्रांत 'शुश्रूषा करण्यांत आली', पत्रकांत 'शुश्रूषा करावी'. दोन्हीकडून करणारा मनुष्य वाक्याबाहेर. घरीं गेल्यावर तो आपोआप ठरतो. मुलगा पुण्यास कंपनींत असेल तर सून, सूनही तेथेंच असेल तर रोग्याची म्हातारी बायको, जिचे स्वतःचे गुडघे गेलेले असतात. तिला कोणी शिकविलें नाहीं. लुळा हात धरून ओढूं नये, काखेंत हात घालूनही ओढूं नये, हें तिला सांगावयास हवें होतें. सर्वांत कठीण म्हणजे पाणी. तहानलेल्याला पाणी पाजणें हें आमच्याकडे पुण्य, मरणाऱ्याच्या मुखीं पाणी घालणें हा तर संस्कार. ज्याच्या घशाचे स्नायु दुबळे झाले आहेत त्याला आडवा असतां प्रेमानें पाजलेलें तेंच पाणी श्वासनलिकेंत उतरतें आणि आठवड्याभरांत न्युमोनिया होतो. 'खात्री करावी' या दोन शब्दांनीं हा संस्कार हटणार नाहीं. येथें खरोखर लेखक पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यांत लातुरास एका परिचिताच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. गृहस्थ निवृत्त शिक्षक; पावणेदोन वर्षांपूर्वीं पक्षाघात झालेला, त्यानंतर दोनदां फिटही आलेली, जें मेंदूला इजा झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत घडतें. बोलण्यांत एकच शब्द उरलेला, 'बरं'. तो एकच शब्द ते प्रश्नासारखा, रागासारखा, नकारासारखा निरनिराळ्या सुरांत वापरीत. सून दहावी झालेली, खेड्यांतून आलेली. ती त्या सुरांचा अर्थ मला सांगत होती, आणि सासरे मान हलवून संमति देत होते. उशाशीं शाळेच्या चौरेघी वहींत तिनें टिपण ठेवलेलें. डाव्या कुशीवर किती वाजतां वळविलें, उजव्या कुशीवर किती वाजतां, सकाळीं किती चमचे पाणी, ठसका लागला कीं नाहीं, टांच लाल दिसली, दुसऱ्या दिवशीं कमी, फिट आली, तीन मिनिटें, घड्याळ पाहून, गोळी दिली, मामंजी हंसले. इस्पितळांतल्या एका सिस्टरनें सांगितलें म्हणून वही ठेवली, असें ती म्हणाली. तिच्या वाक्यांना कर्ता नव्हता. पण तो लपलेला नव्हता, वही तिचीच होती.

मीं ती वही अर्धा तास वाचली. मधल्या पानांवर वळविण्याच्या वेळा विरळ होतात, कारण सासरे स्वतः कुशीवर होऊं लागले होते. चमच्यांचा आंकडा जाऊन 'पेला' हा शब्द येतो. एके ठिकाणीं, श्रावणांतल्या एका तारखेस, ते ओसरीपर्यंत काठीनें चालल्याची नोंद आहे आणि तिच्याखालीं दोन रेघा ओढल्या आहेत. त्यानंतरची नोंद चार दिवसांनीं, मग आठ दिवसांनीं. शेवटचीं पानें उलट बाजूनें वापरलेलीं आहेत. त्यांवर दुधाचा हिशेब आहे.